विसाव्याचा वार : शिरवळचा बाजार, खंडोबाचा रविवार आणि गिरणीची सुट्टी

भारतात रविवारची सुट्टी कधी सुरू झाली, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर दर वर्षी १० जूनला समाजमाध्यमांवर फिरते : १८९०, मुंबई, नारायण मेघाजी लोखंडे. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली त्याच्या किमान पन्नास वर्षे आधी, आठवड्यातून एक दिवस हात थांबवावेत ही आज्ञा मराठी मुलखात येऊन पोहोचली होती, आणि ती धर्माची आज्ञा म्हणून आली होती. ती पाळणे कोणाला परवडले, कोणाला परवडले नाही, आणि ज्यांनी तो धर्म कधीच स्वीकारला नाही त्यांनी तिच्यातून नेमके काय उचलले, याचा हा धागा. त्याचे एक टोक नीरेच्या काठी, शिरवळला आहे.

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याकडे निघाले की नीरा नदी लागते. नदी ओलांडताच शिरवळ, आणि त्यापुढे खंबाटकीचा घाट. दोन घाटांच्या मधले हे गाव वाटसरूंच्या थांब्याचे. इतिहासप्रेमींना ते ठाऊक असते १६४८ च्या सुभानमंगळच्या लढाईमुळे. पण लढाईपेक्षा जुन्या खुणा वेगळ्याच गोष्टीच्या आहेत. गावाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी प्रवास थांबवून एका जागी राहावे असा संघाचा नियम होता, त्याला वर्षावास म्हणत. अशा वस्तीसाठी विहार कोरले जात. जुन्या वाटेवर दगडी बांधणीची मध्ययुगीन पाणपोईही आहे. चालून थकलेल्याने थांबावे, पाणी प्यावे, मग पुढे जावे, यासाठी कोणीतरी एवढा दगड घडवला. शिरवळला विसावा नवा नव्हता.

या गावाच्या आठवडी बाजाराशी एक आठवण जोडलेली आहे. शिरवळपासून जवळच असलेल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांच्या चरित्रांतून परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी : लहानगी सावित्री शिरवळच्या बाजारातून खाऊ खात चालली होती. एका झाडाखाली काही मिशनरी गाणी म्हणत, उपदेश करत बसले होते. त्यांच्यापैकी एकाने तिला रस्त्याने खात जाणे बरे नव्हे असे सुचवले. तिने खाऊ टाकून दिला, आणि तिच्या हाती एक पुस्तक आले. वाचता येत नसताना तिने ते जपले आणि लग्नानंतर पुण्याला सासरी नेले. गोष्टीतले बारकावे चरित्रागणिक बदलतात, पण तिची पार्श्वभूमी इतिहासाला धरून आहे. १८३० च्या दशकात मिशनरी मंडळी गावोगावच्या बाजारांत उभी राहून उपदेश करत होती आणि छापील पुस्तिका वाटत होती. बाजार हीच त्यांची सभा होती, कारण माणसे तिथेच आयती जमत.

याच मंडळींच्या शिकवणीत एक विचित्र वाटणारी गोष्ट होती. सात दिवसांतला एक दिवस बाजार नाही, नांगर नाही, हिशेब नाही. बाजारात येऊन बाजार बंद ठेवण्याचा दिवस शिकवणारी माणसे शिरवळकरांना कशी वाटली असतील?

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. मराठी खेड्याला विश्रांतीच ठाऊक नव्हती आणि ती मिशनऱ्यांनी आणली, हे म्हणणे चुकीचे ठरेल. अमावस्येला औत धरायचे नाही, हा रिवाज घाटमाथ्यावर सर्वत्र होता. अनेक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. तो शंभू महादेवाचा वार आणि बैल म्हणजे नंदी. काम थांबवण्याच्या अशा दिवसाला 'मोडा' म्हणत आणि सगळ्या गावाने मिळून मोडा पाळला जाई. बेंदराला बैलांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, पुरणपोळी चारून मिरवत. पंढरीच्या वारीत तर 'विसावा' हा पारिभाषिक शब्दच आहे. रात्रीचा तो मुक्काम, वाटेतला थोडा थांबा तो विसावा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नान आटोपून लोणंदला येते, ते लोणंद शिरवळच्याच खंडाळा तालुक्यातले.

वारांचा क्रमही दोन्हीकडे एकच होता. ग्रहांवरून नावे पडलेला सात दिवसांचा आठवडा भारतात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी रुळला होता. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळातील इ.स. ४८४ च्या शिलालेखात वाराचा उल्लेख येतो, आणि तो गुरुवार आहे. सूर्याचा वार इथे आदित्यवार, बोलीत ऐतवार. नाव तेच, दिवस तोच. त्या दिवशी काय करायचे हे मात्र वेगळे.

आता त्या आज्ञेकडे पाहू. बायबलच्या जुन्या करारात दहा आज्ञा दोनदा येतात, एकदा 'निर्गम' या पुस्तकात आणि पुन्हा 'अनुवाद' या पुस्तकात. शब्बाथ पाळण्याची आज्ञा दोन्हीकडे आहे, पण तिचे कारण दोन्हीकडे वेगळे दिले आहे. पहिल्या ठिकाणी कारण सृष्टीचे : देवाने सहा दिवसांत जग घडवले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा. दुसऱ्या ठिकाणी कारण इतिहासाचे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, तिथून तुमची सुटका झाली, याची आठवण ठेवा. गुलामाला सुट्टी नसते. सुट्टी घेता येणे हीच सुटकेची खूण. म्हणून आज्ञेतली यादी घरच्या धन्यापाशी संपत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, सर्वांनी थांबायचे. त्याच ग्रंथात अरण्यातल्या मान्नाची कथा आहे. आकाशातून रोजचे अन्न पडे, पण सहाव्या दिवशी ते दुप्पट पडे, कारण सातव्या दिवशी गोळा करायला जायचे नव्हते. थांबलेल्या दिवशी खायचे काय, हा प्रश्न त्या कथेने डावललेला नाही. पुढे त्याचे काम पडणार आहे.

यहुदी लोकांचा शब्बाथ शनिवारी. ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालये आणि कारागिरांची कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. त्या हुकमातही शेतकऱ्याला सूट होती : पेरणीचा वाफसा रविवार बघून थांबत नाही, हे सम्राटालाही मान्य करावे लागले. पुढे प्रॉटेस्टंट पंथांत, विशेषतः स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन आणि अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेत, रविवार फार कडक झाला. खेळ नाही, प्रवास नाही, बाजारहाट नाही. निकडीची आणि दयेची कामे तेवढी चालतील.

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनचे काम उभारले ते प्रामुख्याने याच दोन परंपरांतील लोकांनी. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. अहमदनगरचे केंद्र १८३१ चे. साताऱ्याला कायमचे ठाणे १८४९ मध्ये झाले, म्हणजे छत्रपतींचे राज्य खालसा झाल्यानंतर लगेच. स्कॉटिश मिशन कोकणातून मुंबई-पुण्याकडे सरकले. याच्या फार आधी, सोळाव्या शतकापासून, वसई आणि गोव्याकडच्या कॅथलिक गावांत रविवारची मिस्सा आणि सणांची सुट्टी रूढ होती. पण ती पोर्तुगीज सत्तेच्या छायेतली, गावेच्या गावे एका पंथात असलेली व्यवस्था होती. देशावरचे चित्र उलटे होते. गावात दोनचार ख्रिस्ती घरे, आणि बाकीचे गाव आपल्या जुन्या पंचांगाने चालणारे.

खुद्द कंपनी सरकारचा रविवारही काही काळ डळमळीत होता. कचेऱ्या बंद असत, पण सरकारी बांधकामांवर मजूर रविवारी राबत. धार्मिक वृत्तीच्या इंग्रजांना हे लज्जास्पद वाटे. १८४४ ते १८४८ या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या हार्डिंज यांनी सरकारी कामांवरचे रविवारचे श्रम थांबवण्याचा हुकूम काढला. मजुराला विश्रांती मिळावी यापेक्षा ख्रिस्ती सरकारने आपला वार मोडू नये, ही त्यामागची मुख्य चिंता. तरीही पुढे रविवार हाच मोकळा वार ठरण्यात सरकारी कचेऱ्यांच्या या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे.

खरी परीक्षा मात्र गावात होती. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत, मुख्यतः अहमदनगरकडे, आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातील होते. ज्याला सोमवारी विसावा मिळे तो बैल. त्या बैलाच्या मालकाच्या वेशीवर उभ्या असलेल्या महाराला कोणता वार मोकळा होता? वतनी महाराची कामे वारांनी बांधलेली नव्हती. वेशीवर पहारा द्यायचा, सरकारी पत्रे पुढच्या गावी पोहोचवायची, मयताची खबर घेऊन जायचे, मेलेले जनावर ओढायचे, येणाऱ्या अंमलदाराला वाट दाखवायची, त्याचे सामान डोक्यावर वाहायचे. बोलावणे येईल तेव्हा उठायचे. मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा आणि हंगामातले बलुते. डॉ. आंबेडकरांनी महार वतनावर घेतलेल्या आक्षेपांच्या मुळाशी हीच गोष्ट होती : या नोकरीला तास नाहीत, ती दिवसरात्रीची आहे, आणि एका माणसाची नसून सगळ्या कुटुंबाची आहे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले.

अशा माणसाला पाळकाने सांगावे की रविवारी काम करू नकोस, ते देवाला आवडत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठणार तो श्रद्धेचा नसून पाटलाचा. बोलावणे आले आणि गेलो नाही तर बलुते बंद. आठवडी बाजार रविवारी भरत असेल तर विकायचे कधी आणि आठवड्याचे मीठमिरची आणायचे कधी? मजुरीवर पोट असेल तर सातव्या दिवशी चूल कशावर पेटवायची? इथे आकाशातून सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना पडत नव्हता. बाप्तिस्मा एका दिवसात होई. रविवार पाळणे मात्र दर आठवड्याला नव्याने करावे लागे, आणि दर वेळी त्याची किंमत धान्यात किंवा पैशात मोजावी लागे. मिशनच्या शाळांत, छापखान्यांत, बंगल्यांवर नोकरी मिळालेल्यांना ते सोपे गेले, कारण तिथला धनीच त्या दिवशी काम सांगत नसे. बाकीच्यांसाठी शब्बाथ म्हणजे गावाशी दर सात दिवसांनी होणारा झगडा.

याच गोष्टीची दुसरी बाजू कोकणात दिसते. कुलाब्याच्या किनारपट्टीत राहणाऱ्या बेने इस्राएल समाजाला शेजारी 'शनवार तेली' म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा, भाषा मराठी, पेहराव शेजाऱ्यांसारखा; फरक एवढाच की शनिवारी यांचा घाणा बंद. बाहेरच्या यहुदी जगाशी संपर्क जवळपास तुटलेला असताना, पिढ्यानपिढ्या, या लोकांनी जी मोजकी आचारसूत्रे टिकवली त्यांत शब्बाथ होता. इतका की गावाने त्यांची जातच वारावरून ओळखली. हे त्यांना जमले यात निष्ठेचा वाटा आहेच. पण एक साधी गोष्टही लक्षात घ्यायला हवी. घाणा त्यांचा स्वतःचा होता. तो कधी जुंपायचा आणि कधी सोडायचा हे ठरवणारा दुसरा कोणी नव्हता. शेजारच्या तेल्याने शनिवारचे गिऱ्हाईक नेले असेल, पण शनवार तेल्याच्या दारात उभे राहून कोणी त्याला ओढून नेऊ शकत नव्हते. एकच आज्ञा कोकणातल्या घाणेवाल्याला पाळता आली आणि देशावरच्या वतनदार चाकराला जड गेली. ग्रंथ तोच होता, हाताखालचे साधन वेगळे होते.

मिशनचा रविवार विश्रांतीचा होता का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. सकाळी उपासना, मग शब्बाथशाळा, दुपारी वस्तीत उपदेश, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. पाळकाचा आणि बायबल शिकवणाऱ्या बायकांचा हा आठवड्यातला सर्वांत धावपळीचा दिवस. स्वयंपाकघरातल्या स्त्रीचा विसावा तर कोणत्याच धर्माच्या पंचांगात ठळकपणे लिहिलेला नाही. सांगलीकडे पाहिले तर विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, ते कडक रविवार पाळणाऱ्या प्रेसबिटेरियन मिशनचे; पण रोगी रविवार बघून येत नाही. तिथे दयेच्या कामाची सूट लागू पडे, आणि तिला खुद्द येशूचा आधार होता. शब्बाथाच्या दिवशी रोगी बरे केल्याबद्दल त्यांच्यावर आक्षेप घेतला गेला, तेव्हा हा दिवस माणसासाठी आहे अशीच भूमिका त्यांनी घेतली होती. मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मोठ्या विश्रांतीची जागा होती महाबळेश्वर. उन्हाळ्यात मंडळी थंड हवेला जात, ती पुण्याकडून याच शिरवळच्या वाटेने, आणि घाटाच्या चढणीवर त्यांच्या पालख्या वाहणारे खांदे इथल्याच माणसांचे.

तरी एक गोष्ट मिशनच्या बाजूने नोंदवली पाहिजे, आणि ती भाषेची आहे. येशूने कष्ट करणाऱ्या, ओझ्याने वाकलेल्या लोकांना आपल्याकडे बोलावले, त्या प्रसिद्ध वचनात मराठी बायबलने जो शब्द वापरला तो 'विसावा'. 'शब्बाथ' हा परका शब्द तसाच राहिला, पण त्याचा आतला अर्थ वारीच्या वाटेवरच्या शब्दात आला. डोक्यावरचे ओझे उतरवून टेकणे म्हणजे काय, हे बिगारीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यालाच 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा हाच प्रवाह आणखी पुढे गेला.

आता धागा नायगावाकडून मुंबईकडे वळतो. शिरवळच्या बाजारात पुस्तक मिळालेल्या मुलीचे लग्न १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी झाले. फुल्यांचे मूळ गाव साताऱ्यातलेच, कटगुण. त्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. मिशनऱ्यांकडून घ्यायचे ते घेतले, तपासले आणि आपल्या कामाला लावले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्या समाजाच्या कार्यकर्त्यांत नारायण मेघाजी लोखंडे होते.

लोखंडे १८४८ चे, ठाण्यात जन्मलेले. टपाल खात्यात आणि मग मांडवीच्या कापड गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केल्यामुळे गिरणीचे आतले जग त्यांनी जवळून पाहिले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी १८८० मध्ये मुंबईत चालवायला घेतले. गिरण्यांत काम करणारी माणसे रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या भागांतून आलेली. गावी त्यांना अमावस्या होती, बेंदूर होता, जत्रा होती. गिरणीच्या भोंग्याला यांतले काहीच ठाऊक नव्हते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चालायचे, उन्हाळ्यात तर तेरा-चौदा तास. सणासुदीच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर सलग काम, आणि यंत्र बंद असेल त्या दिवशीही ते पुसायला बोलावणे. शेताने दिलेला विसावा माणूस शहरात येताना मागे सोडून आला होता.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त बालकामगारांना. प्रौढांबद्दल कायदा गप्प होता. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली. सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे गेला. त्यातली पहिली मागणी दर रविवारी पूर्ण दिवस विश्रांतीची. पाठोपाठ दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपणे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला पगार व भरपाई. पगारवाढ या यादीत नव्हती. वेळेची मागणी पैशाच्या आधी आली.

पण रविवारच का? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, त्यामुळे एक दिवस सगळे थांबायचे तर रविवार सोयीचा. मात्र हिंदू कामगारांच्या नावाने ख्रिस्ती वार मागायचा, हे विरोधकांच्या हाती आयते हत्यार देण्यासारखे होते. त्यावर लोखंड्यांचे उत्तर म्हणून जे सांगितले जाते ते मार्मिक आहे : रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरी नीरेच्या पलीकडे कऱ्हेकाठी, पाली साताऱ्यात. देशावरच्या बहुजन घरांत देव्हाऱ्यावर खंडोबाचा टाक, रविवारी तळी भरायची, भंडारा उधळायचा. तेव्हा हा वार कोणाकडून उसना आणलेला नाही. फुल्यांच्या शिष्याची ही रीत होती. मिशनऱ्यांकडे पाहून आठवड्याला एक दिवस थांबण्याची कल्पना रास्त वाटली, तर तिला आपल्या घरातल्या देवाच्या नावाने हक्क म्हणून मागायचे. इतिहासाची गंमत अशी की सूर्याचा वार म्हणून दोन परंपरांत वेगवेगळ्या वाटांनी आलेला एकच दिवस गिरणगावात येऊन एकमेकांना भेटला.

विरोध दोन बाजूंनी होता. मालकांचा तर होताच. पण अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनाही कारखाना कायद्यांत लँकेशायरच्या गिरणीमालकांचा डाव दिसे. भारतीय गिरण्या स्वस्तात कापड काढतात म्हणून त्यांच्यावर बंधने लादली जात आहेत, असा तो युक्तिवाद. त्यात तथ्य नव्हते असे नाही. मँचेस्टरचा कळवळा निःस्वार्थी नव्हता. मात्र त्या भांडणात यंत्रापाशी उभ्या माणसाचे काय, हे विचारायला कोणी उरत नव्हते. ते काम 'दीनबंधु'ने केले.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. प्रौढ पुरुषांच्या रोजच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ उजाडावे लागले. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने गेले. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाईही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. एकाच साथीने, महिन्याभराच्या अंतराने.

गावातल्या वेठीचा शेवट यापेक्षाही उशिरा झाला. आंबेडकरांचे १९२८ चे विधेयक मंजूर झाले नाही. महार वतन रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ मध्ये, म्हणजे गिरणीला रविवार मिळाल्यानंतर तब्बल अडुसष्ट वर्षांनी. वतनाच्या चाकरीत बांधलेल्या ख्रिस्ती, हिंदू आणि तोवर बौद्ध झालेल्या घरांना बोलावण्याशिवायचा दिवस कायद्याने मिळाला तो तेव्हा.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीचे कलम बावन्नावे होते. त्यात कोणत्याही देवाचे नाव नव्हते. आठवड्याचा पहिला दिवस एवढेच शब्द होते, आणि बदली सुट्टी देऊन तो दिवस हलवण्याची मुभा होती. म्हणूनच पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखाने वीजवाटपाच्या सोयीसाठी रविवारी चालतात आणि गुरुवारी थांबतात. शिरवळही आता कारखान्यांचे गाव आहे. नीरेच्या पुलापासून महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच शेड आहेत, पाळीच्या बसगाड्या आहेत, आणि बायबलच्या यादीत असलेला पण कारखाना कायद्यात नसलेला बैल त्या रस्त्यावर क्वचितच दिसतो. कलम बावन्न सुट्टीच्या दिवसाची हमी देत असे. त्या दिवसाच्या मजुरीबद्दल ते काही बोलत नसे. कायम नोकरीत असलेल्याच्या महिन्याच्या पगारात सुट्टीचा दिवस मोजलेला असतो. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेला मजूर मात्र आठवड्याची सुट्टी घेतो त्या दिवशी त्याची हजेरी लागत नाही, आणि सहाव्या दिवसाचा रोज त्याला एकपटच मिळतो.